मेटा-ॲनालिसिस करायचंय? सोलापूरच्या संशोधक विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात शिक्षणशास्त्र, समाजकार्य, अर्थशास्त्र अशा विषयांत पीएच.डी. करणारे विद्यार्थी हल्ली एक ठरलेला बेत घेऊन येतात. फील्डवर्कची पायपीट नको. ऐंशी-शंभर पेपर डाउनलोड करायचे, त्यातले आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायचे आणि एक पक्कं उत्तर काढायचं. बेत वाईट नाही. पण ते उत्तर ‘पक्कं’ असतं, हा समज दूर करण्यात दर वेळी तासभर जातो. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत, बरेचसे विद्यार्थ्यांच्याच शब्दांत.

मेटा-ॲनालिसिस म्हणजे नेमकं काय?

एकाच प्रश्नावर झालेल्या अनेक अभ्यासांचे निकाल एका मापात आणायचे आणि त्यांची भारित सरासरी काढायची. ज्या अभ्यासाचा अंदाज जास्त नेमका, त्याला वजन जास्त. गाभा एवढाच, बाकी तपशील.

कल्पना जुनी आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये विषमज्वराच्या लशीबद्दलचे आकडे असे एकत्र केले होते, आणि ते आकडे हिंदुस्थानात व दक्षिण आफ्रिकेत असलेल्या ब्रिटिश सैनिकांचे होते. वेगवेगळ्या तुकड्यांचे निकाल आपसात जुळत नाहीत, हे त्यांनाही तेव्हाच खटकलं होतं. ‘मेटा-ॲनालिसिस’ हे नाव मात्र १९७६ मध्ये जीन ग्लास यांनी दिलं. पुढच्याच वर्षी ग्लास आणि मेरी ली स्मिथ यांनी मानसोपचारांवरचे ३७५ अभ्यास एकत्र करून उपचारांचा उपयोग होतो असं दाखवलं. त्यावर हान्स आयझेंक यांनी १९७८ मध्ये सडकून टीका केली: बरे-वाईट सगळे अभ्यास एका टोपलीत टाकून शास्त्र होत नाही. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि तुमच्या व्हायवात तो निघणारच.

डॉक्टर लोक सर्रास करतात. मग आपल्याकडेच का अडतं?

गोळी ५०० मिलिग्रॅमची असेल तर ती लातूरलाही तेवढीच असते. ‘बचतगट’ तसा नसतो.

सोलापूर शहरातला एखादा बचतगट घ्या. त्यातल्या निम्म्या बायका विडी कामगार. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या आणि मजुरी हजार विड्यांमागे. कर्ज मिळालं की ते मुलीच्या लग्नात, दवाखान्यात किंवा जुनं सावकारी कर्ज फेडण्यात जातं. सांगोल्याकडच्या गटात त्याच रकमेतून शेळ्या येतात. पेपरात दोन्हीकडे शब्द एकच, ‘सूक्ष्म वित्तपुरवठा’. आणि परिणाम कशाचा मोजला? एकाने बाईच्या नावाचं पासबुक आहे का ते विचारलं, दुसऱ्याने बाजारात एकटी जाते का ते, तिसऱ्याने मुलीच्या शाळेचा निर्णय कोण घेतं ते. तिघांच्याही शीर्षकात ‘सक्षमीकरण’. या तिघांची सरासरी म्हणजे नक्की कशाची सरासरी, हे एका वाक्यात सांगता आलं तरच पुढे जा.

पण इफेक्ट साइजमुळे सगळं एका मापात येतं ना?

मापात आल्यासारखं दिसतं. इफेक्ट साइज म्हणजे सरासरीत पडलेला फरक भागिले प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप). हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

उजळणी वर्गांवर दोन अभ्यास झाले. दोन्हींत मुलांचे गुण सरासरी ५ ने वाढले. पहिला अभ्यास शहरातल्या एकाच शाळेच्या एका तुकडीवर, मुलं साधारण सारख्या तयारीची, म्हणून गुणांचं प्रमाण विचलन १०. दुसरा अक्कलकोट तालुक्यातल्या पन्नास जिल्हा परिषद शाळांवर. तिथे घरी कन्नड बोलणारी मुलं मराठी माध्यमात बसलेली, काही वाचायला लागलेली, काही अजून अक्षर जुळवणारी. प्रमाण विचलन २०. आता भागाकार करा: पहिल्याचा इफेक्ट साइज ०.५, दुसऱ्याचा ०.२५. मुलांना मिळालेला फायदा तोच, तेवढेच ५ गुण. तरी तुमच्या तक्त्यात पहिला कार्यक्रम ‘दुप्पट प्रभावी’ ठरला.

म्हणजे फरक कार्यक्रमाचा नव्हता, नमुना कसा निवडला त्याचा होता. सामाजिक शास्त्रांत असं सतत होतं, कारण आपल्याकडे किलो किंवा सेंटिमीटरसारखं ठरलेलं माप क्वचितच असतं. मूळ एकक उपलब्ध असेल (रुपये, दिवस, हजेरीची टक्केवारी) तर त्यातच काम करा. प्रमाण विचलनाच्या मापात उतरायचं ते नाइलाजाने.

आणि ०.२ म्हणजे कमी, ०.५ मध्यम, ०.८ जास्त, ही पाटी कृपा करून थिसिसमध्ये लावू नका. हे टप्पे देणाऱ्या जेकब कोहेन यांनीच ते सरसकट वापरू नयेत असं बजावलं होतं. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची (अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठीचा) मुंबई आणि बडोद्यात यादृच्छिक चाचणी झाली, म्हणजे कार्यक्रम कोणाला हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून, तिचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षी परिणाम होता ०.२८. कोहेनच्या पट्टीने ‘कमी’च्या जवळ, पण त्या खर्चात एवढी सुधारणा म्हणजे शिक्षणक्षेत्रात चांगलीच मोठी.

बचतगटांवर भारतात ढीगभर पेपर आहेत. एवढे एकत्र केल्यावर चुका एकमेकींना कापत नाहीत का?

योगायोगाने झालेल्या चुका कापतात. एकाच बाजूला झुकलेल्या चुका कापत नाहीत, साचतात.

गटात जाणारी बाई आणि न जाणारी बाई यांची तुलना करणारे अभ्यास बघा. गटात कोण जातं? जिला घरून परवानगी मिळते, जिच्याकडे दरमहा भरायला थोडे पैसे उरतात, जी मुळातच बोलकी आणि खटपटी आहे. दोन वर्षांनी ती पुढे गेलेली दिसली तर श्रेय गटाचं की तिचं? एका अभ्यासात हा घोळ असेल तर निदान कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी तो पट्टा) रुंद असतो, वाचणारा जपून राहतो. असेच पन्नास अभ्यास एकत्र केले की इंटरव्हल केसाएवढा बारीक होतो आणि चुकीचं उत्तर छातीठोकपणे समोर येतं. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. मेटा-ॲनालिसिस हा पोहरा आहे.

हा घोळ टाळून केलेल्या अभ्यासांनी काय दाखवलं? हैदराबादमध्ये १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे सूक्ष्म कर्ज आधी सुरू केलं गेलं. तो आणि बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को इथले, असे सहा अभ्यास २०१५ मध्ये एकाच जर्नलच्या एका अंकात आले. कुटुंबांचं नशीब पालटलं असं सरासरीत कुठेच दिसलं नाही. पुढे रेचेल मीगर यांनी आणखी एक अभ्यास धरून हे सात एकत्र तपासले. सरासरी परिणाम छोटा आणि अनिश्चित. पण आधीपासून धंदा असलेली कुटुंबं वेगळी काढली तर तिथे परिणाम मोठे आणि फार विखुरलेले होते. मला स्वतःला त्या सगळ्या कामात हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि तो एका सरासरीत मावत नाही.

माझ्याकडे २५ पेपर आहेत, त्यातले १४ एनएफएचएसवर आहेत. चालेल?

मग तुमच्याकडे २५ अभ्यास नाहीत. एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, आणि त्याची माहिती सगळ्यांना एकच मिळते. एनएफएचएस-४ (२०१५-१६) चीच माहिती घेऊन नऊ जणांनी नऊ पेपर लिहिले तर बायका त्याच, उत्तरं तीच. त्यांना नऊ स्वतंत्र साक्षीदार मानलं की नेमकेपणा फुकटचा वाढतो. एका सर्वेक्षणातून एकच अंदाज घ्या, किंवा परस्परावलंबन धरणारी बहुस्तरीय पद्धत वापरा. एकाच थिसिसमधून काढलेल्या चार पेपरांनाही हाच न्याय.

पब्लिकेशन बायस म्हणजे काय? आमच्या विषयात तो आहे का?

ठसठशीत निकाल छापले जातात आणि बाकीचे मागे राहतात, त्यामुळे छापील पुरावा एका बाजूला झुकतो, तो हा बायस. आपल्याकडे तो आहे, भरपूर आहे. ‘काही फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष आला की पेपर लिहिण्याचा उत्साहच मावळतो. रॉबर्ट रोझेंथल यांनी १९७९ मध्ये या न छापलेल्या निकालांना खणात पडून राहिलेल्या फाइलींचं नाव दिलं. आपल्याकडे खण नसतो, विभागातलं लोखंडी कपाट असतं. निळ्या-काळ्या बाइंडिंगचे प्रबंध, पाठीवर सोनेरी अक्षरं, वर धूळ. त्यातले कित्येक व्यवस्थित केलेले असतात, पण परिकल्पना फेटाळली गेल्यामुळे त्यांचा पेपर कधी झालाच नाही.

हे मोजणं अवघड, कारण जे छापलंच नाही ते मोजणार कसं? २०१४ मध्ये फ्रँको, मल्होत्रा आणि सिमोनोविट्स यांनी त्याला एक वाट काढली. अमेरिकेत एका योजनेखाली मंजूर झालेल्या सगळ्या सर्वेक्षण-प्रयोगांची नोंद होती. त्यातले २२१ अभ्यास त्यांनी माग काढून तपासले. ठसठशीत निकाल आलेले अभ्यास छापले जाण्याचं प्रमाण, काहीच न आढळलेल्यांपेक्षा ४० टक्के-बिंदूंनी जास्त. लिहून काढले जाण्याचं प्रमाण तर ६० टक्के-बिंदूंनी जास्त. म्हणजे गाळणी संपादकाच्या टेबलावर लागते त्याच्या आधी संशोधकाच्या स्वतःच्या टेबलावर लागते.

म्हणून शोध फक्त जर्नलांपुरता ठेवू नका. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर बसा, विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा, ते कपाट उघडून मागा. उलट बाजूनेही डोळे उघडे ठेवा: पैसे भरले की आठ दिवसांत छापणारी जर्नल्स आपल्याकडे भरपूर आहेत. यूजीसीने २०१९ मध्ये सुरू केलेली केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीतलं आहे’ एवढ्या एका वाक्यावर आता निभावत नाही.

फनेल प्लॉट काढला, सारखा दिसतो. म्हणजे बायस नाही ना?

फनेल प्लॉट म्हणजे नरसाळ्यासारखी आकृती: प्रत्येक अभ्यासाचा एक ठिपका, त्याचा परिणाम आणि नेमकेपणा दाखवणारा. एक बाजू रिकामी दिसली की न छापलेल्या अभ्यासांचा संशय येतो. पण दहाबारा ठिपक्यांत सारखेपणा बघणं म्हणजे बघणाऱ्याच्या मनात आहे तेच दिसणं. हा तिरकेपणा आकड्यांत तपासणाऱ्या एगरची चाचणी (१९९७) किंवा ट्रिम-अँड-फिल (२०००) यांनाही अभ्यास कमी असले की फारसं काही पकडता येत नाही. शिवाय अभ्यास मुळातच एकमेकांपासून भिन्न असतील तर नरसाळं तिरकं दिसण्याचं कारण दुसरंच असू शकतं. छोट्या कार्यक्रमांत शिक्षक जीव ओतून काम करतो, मोठ्यात नाही. परिणाम खरोखरच वेगळा येतो. आकृती द्या, पण तिच्यावरून निर्वाळा देऊ नका.

यामुळे खरंच कधी मोठी फसगत झाली आहे का?

झाली आहे, आणि चांगल्या चांगल्यांची.

मानसशास्त्रात ‘इगो डिप्लिशन’ नावाची कल्पना होती: संयम वापरला की तो खर्ची पडतो. २०१० मध्ये १९८ चाचण्या एकत्र करून परिणाम ०.६२ असा भक्कम काढला गेला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी आधी पद्धत जाहीर करून, दोन हजारांवर लोकांवर एकच प्रयोग केला. परिणाम ०.०४. जवळजवळ शून्य. १९८ चाचण्यांचा ढीग एका नेटक्या प्रयोगापुढे टिकला नाही.

हे अपवादात्मक म्हणावं तर क्वार्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अशा १५ जोड्या लावून बघितल्या, एकीकडे मेटा-ॲनालिसिस आणि दुसरीकडे त्याच विषयावर अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेली पुनर्तपासणी. मेटा-ॲनालिसिसचे आकडे सरासरीने जवळपास तिप्पट निघाले.

धोरणाच्या अंगाने बघायचं तर ‘नज’चं, म्हणजे सक्ती न करता माणसाला हलकेच एखाद्या निवडीकडे वळवण्याचं, उदाहरण घ्या. कर भरा अशी वेगळ्या शब्दांत लिहिलेली नोटीस, लसीची आठवण देणारा एसएमएस, असले उपाय. २०२२ मध्ये दोनशेवर अभ्यासांची गोळाबेरीज आली आणि परिणाम ०.४३ निघाला. त्याच वर्षी मायर आणि इतरांनी तोच डेटा घेतला, पब्लिकेशन बायसची दुरुस्ती केली, आणि सरासरी परिणामाचा पुरावाच उरला नाही असं दाखवलं. देलाविन्या आणि लिनोस यांची तुलना तर आणखी बोलकी. विद्यापीठीय जर्नलांत छापलेल्या प्रयोगांत सरासरी वाढ ८.७ टक्के-बिंदू, अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज-संस्थांनी केलेल्या सगळ्या १२६ प्रयोगांत, छापलेले न छापलेले सर्व धरून, १.४. वाढ खरी आहे, पण ८.७ धरून महापालिकेने घरपट्टी वसुलीचं बजेट बांधलं तर मार्चअखेर काय होईल ते सांगायला नको.

रँडम इफेक्ट्स मॉडेल घेतलं की विविधतेचा प्रश्न सुटतो, असं गाईडनी सांगितलं.

सुटत नाही, मान्य केला जातो. फिक्स्ड इफेक्टमध्ये आपण म्हणतो की खरा परिणाम सगळीकडे एकच. रँडममध्ये म्हणतो की तो जागोजागी वेगळा, आणि आपण त्या सगळ्यांची सरासरी काढतोय. एक मेख मात्र लक्षात ठेवा: रँडम मॉडेलमध्ये छोट्या अभ्यासांचं वजन तुलनेने वाढतं, आणि पब्लिकेशन बायसची लागण बहुधा छोट्याच अभ्यासांना जास्त झालेली असते.

मग विविधता सांगायची कशी? आय-स्क्वेअर ७८ टक्के आला आहे.

आय-स्क्वेअर (२००२ मधली हिगिन्स आणि थॉम्पसन यांची देणगी) हे परिणाम किती पसरलेत ते सांगत नाही. दिसणाऱ्या फरकांपैकी किती वाटा निव्वळ नमुन्याच्या चढउताराचा नाही, एवढंच सांगतो. अभ्यास मोठमोठे असले की किरकोळ पसारा असूनही तो ९० च्या वर जातो. म्हणून टाऊ (खरे परिणाम अभ्यासागणिक किती पसरलेत त्याचं माप) द्या आणि प्रेडिक्शन इंटरव्हल द्या.

पुन्हा समजुतीचे आकडे. २० अभ्यास, सरासरी ०.३०, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१८ ते ०.४२. सगळे खूश: शून्य कुठे जवळपासही नाही. टाऊ आहे ०.२५. आता विचारा, हाच कार्यक्रम उद्या मंगळवेढ्यात सुरू केला तर परिणाम कुठे पडेल? प्रेडिक्शन इंटरव्हल येतो साधारण उणे ०.२४ ते ०.८४. म्हणजे भरघोस फायद्यापासून चक्क नुकसानापर्यंत काहीही. पहिला इंटरव्हल सरासरीबद्दल आहे, दुसरा पुढच्या गावाबद्दल. जिल्ह्यात पावसाने सरासरी गाठली अशी बातमी येते, तेव्हा करमाळ्याचा शेतकरी कोरड्या विहिरीत डोकावत असतो. बातमी खोटी नसते, त्याच्या कामाची नसते. जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्याला दुसरा आकडा हवा असतो आणि आपण त्याला पहिला देतो, या एका चुकीबद्दल मी सर्वांत जास्त कटकट करतो.

मेटा-रिग्रेशन करून ‘कुठे चालतं, कुठे नाही’ ते काढता येईल?

मेटा-रिग्रेशन म्हणजे अभ्यासांच्या गुणधर्मांशी परिणामांचा संबंध जोडून बघणं. त्यातून सुगावा लागतो, सिद्ध होत नाही. ज्या अभ्यासांत बायकांचं सरासरी वय जास्त तिथे परिणाम जास्त दिसला, एवढ्यावरून वयस्क बाईला जास्त फायदा होतो असं म्हणता येत नाही. ते अभ्यास कदाचित सगळे दक्षिणेकडचे असतील, किंवा जुन्या गटांवरचे. अभ्यास १५ आणि चलपदं ८, असंही पाहिलं आहे. तिथे काहीतरी ‘सिग्निफिकंट’ निघतंच.

दोन जणांनी एकाच विषयावर केलं तर उत्तर तेच येतं ना? शास्त्र आहे शेवटी.

जंतनाशकाचं बघा. १० फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन आपल्या प्रत्येक शाळेला माहीत आहे. तो २०१५ पासून पाळला जातो, मुलांना वर्गातच अल्बेंडाझोलची गोळी देतात. हिच्यामागचा एक मोठा आधार म्हणजे मिगेल आणि क्रेमर यांचा केनियातला अभ्यास (२००४): शाळेतली गैरहजेरी कमी झाली. पुढे अभ्यासांचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कोक्रेन आणि कॅम्पबेल या संस्थांच्या आढाव्यांनी सरसकट गोळ्या देण्याचा वजन, हजेरी वगैरेंवर फारसा परिणाम दिसत नाही म्हटलं. क्रोक आणि सहकाऱ्यांनी (यात मिगेल आणि क्रेमरही होते) २०१६ मध्ये आणखी अभ्यास धरून गणित मांडलं, आणि वजन वाढतं असं काढलं.

कोणी खोटं बोलत नव्हतं. कुठले अभ्यास आत घ्यायचे, कुठली आकडेवारी चालवून घ्यायची, आणि जिथे मुलांच्या पोटात जंत जवळपास नाहीतच अशा भागातले अभ्यास जिथे बहुतेकांना आहेत तिथल्यांबरोबर मिसळायचे का, या निवडींवर उत्तर हलत होतं. या निवडी माणूस करतो. म्हणून त्या आकडे बघण्याआधी लिहून नोंदवा आणि सगळ्या उघड ठेवा. प्रिझ्मा या आढावा मांडण्याच्या नियमावलीतला तक्ता (२०२० ची आवृत्ती) भरला म्हणजे निवड बरोबर झाली असं होत नाही. निवड कशी झाली एवढंच त्यातून दिसतं.

भारतातले अभ्यास सापडत नाहीत. परदेशातले घेऊन निष्कर्ष सोलापूरला लावले तर?

हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायान यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की मानसशास्त्रातले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत समाजातल्या, त्यातही कॉलेजच्या मुलांवर होतात. तशा साठ अभ्यासांची सरासरी ही त्या मुलांबद्दल जास्त खात्री देते, यंत्रमागावर बारा तास उभ्या असलेल्या कामगाराबद्दल नाही. अभ्यासांची संख्या वाढवून ही उणीव भरत नाही.

सॉफ्टवेअर कुठलं?

आर (संख्याशास्त्राची संगणक-भाषा) मधलं मेटाफॉर. मोफत आहे. कोड नको असेल तर जॅस्प किंवा जमोवी. विकतचं घेण्याची गरज नाही.

इतकं सगळं असेल तर करूच नये का?

करा. ढिगाऱ्यातून एखादा सोयीचा पेपर उचलून ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ असं ठोकून देणाऱ्यापेक्षा नीट केलेलं मेटा-ॲनालिसिस कितीतरी बरं. उपाय नेमका तोच, मोजमाप तेच, अभ्यास यादृच्छिक चाचण्यांचे आणि आधी नोंदवलेले, असं असेल तर त्याला तोड नाही. आपल्या विषयांत अशी जमवाजमव कमी वेळा होते, इतकंच.

शोधून शोधून चारच धड अभ्यास मिळाले. आता काय? सिनॉप्सिस मंजूर झालाय.

चार अभ्यासांतून टाऊचा अंदाज विश्वासाने काढता येत नाही, म्हणून सरासरी काढू नका. चार ओळींचा तक्ता करा: कुठे, कोणावर, काय दिलं, काय मोजलं, किती लोक सोडून गेले, परिणाम मूळ एककात किती. फॉरेस्ट प्लॉट (प्रत्येक अभ्यासाचा परिणाम आणि त्याचा इंटरव्हल दाखवणारी आकृती) काढा, पण त्यात एकत्रित सरासरी दाखवणारा खालचा हिरा घालू नका. चौघांत फरक का पडला असावा यावर दहा पानं लिहा. ती पानं परीक्षक खरोखर वाचतात. शीर्षकातला ‘मेटा-ॲनालिसिस’ बदलून ‘पद्धतशीर आढावा’ करायला संशोधन समितीकडे अर्ज लागतो, तो लवकर द्या, कारण समितीची पुढची बैठक कधी लागेल याचा भरवसा नसतो.